भात झाला, हे चुंबकाला कसं कळतं?

माझा भाचा लातूरला खोली घेऊन नीटची तयारी करतो. दिवाळीनंतर एका रात्री त्याचा फोन आला. "मामा, कुकर बिघडलाय. पाच मिनिटांतच खटका वर उडतो, भात कच्चाच राहतो."

"मग काय केलंस?"

"फटीत पुठ्ठा कोंबला. आता उडत नाही."

पुठ्ठा कसला, तर फिजिक्सच्या जुन्या गाइडचा. दोन दिवस भात झाला. तिसऱ्या दिवशी करपला, खोलीभर धूर झाला आणि कुकर कायमचा गार पडला. मी पंचवीस वर्षं कॉलेजात चुंबकत्व शिकवतोय, आणि ज्या गाइडात क्यूरी तापमान (ज्याच्या वर पदार्थ चुंबकाला दाद देईनासा होतो ते) छापलंय त्याच गाइडचा पुठ्ठा फाडून माझ्या सख्ख्या भाच्यानं क्यूरी तापमानाचा गळा दाबला. हा लेख लिहायचं कारण एवढंच.

आधी एक घोळ मिटवू. इथं बोलतोय तो विजेवरचा साधा राईस कुकर, खाली दाबायच्या खटक्याचा. आमच्याकडं मुळात भाकरीचं राज्य, भात शेवटी वाढायचा, त्यामुळं कुकर म्हटलं की शिट्टीचाच डोळ्यासमोर येतो. "किती शिट्ट्या करायच्या याच्या?" असं बायका विचारतात. याला शिट्टी नसते, कारण वाफ आत कोंडलीच जात नाही. शिट्टीच्या कुकरात दाबामुळं पाणी १२० अंशांच्या आसपास जातं. इथं ते उघड्या पातेल्यासारखंच उकळतं. लातूर समुद्रसपाटीपासून सहाशेहून अधिक मीटर उंच आहे, म्हणून तिथं पाणी १०० ला नाही, ९८ च्या आसपासच उकळतं. त्यात बोअरचं क्षाराचं पाणी असलं तर तुरीची डाळ यात तासभर ठेवली तरी दाणा दाणाच राहते. पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन आणखी घट्ट करतं. वरण शिट्टीच्या कुकरातच लावावं.

भात मात्र यात छान होतो, आणि झाला की कुकर आपोआप बंद होतो. बहुतेकांना वाटतं, आत टायमर असेल. टायमर नसतो. अर्धी वाटी तांदूळ टाका नाहीतर चार वाट्या, त्याला बरोबर कळतं. व्होल्टेज पडलं तरी कळतं. रब्बीत गावाकडं सगळ्या मोटारी एकदम चालू झाल्या की २३० चं व्होल्टेज १७० वर येतं. तापणाऱ्या तारेची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे ७०० वॉटचा कुकर जेमतेम ३८० वॉटचा उरतो. भाताला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो, पण कुकर तेवढा वेळ निमूट थांबतो. टायमर असता तर रोज कच्चा भात खावा लागला असता.

मग कळतं कसं? याचं अर्धं उत्तर पाण्यात आहे. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला ७०० वॉटच्या कुकरला, सगळी उष्णता पाण्यातच गेली असं धरलं तर, सव्वासात मिनिटं लागतील. तेच पाणी पूर्ण आटवायचं तर आणखी चौपन्न मिनिटं. या चौपन्न मिनिटांत तापमान अर्धा अंशही वाढत नाही. आलेली सगळी उष्णता वाफ होण्यात खर्च होते. भांड्यात मोकळं पाणी आहे तोवर तळ उकळीच्या आसपासच राहणार. बरंचसं पाणी तांदूळ पितात, थोडं वाफेनं जातं, आणि ज्या क्षणी तळाशी मोकळं पाणी उरत नाही त्या क्षणी तापमानाला अडवणारं कोणी राहत नाही. ते उसळी घेतं. भात झाला याचा अर्थ कुकरच्या दृष्टीनं एवढाच.

उरलेलं अर्धं उत्तर माझं लाडकं आहे. रिकामं भांडं काढून कुकरच्या आत पाहा. तापणाऱ्या प्लेटच्या मधोमध रुपयाएवढी गोल टोपी दिसेल. बोटानं दाबली तर स्प्रिंगवर खाली-वर होते. (प्लग काढून, आणि प्लेट गार असताना.) त्या टोपीच्या आत फेराइट नावाच्या काळ्या, मडक्याच्या खापरीसारख्या पदार्थाचा तुकडा असतो आणि तो भांड्याच्या तळाला चिकटून राहतो. खाली एक कायमचा चुंबक असतो. तुम्ही खटका दाबता तेव्हा तराजूच्या दांडीसारखं त्याचं आतलं टोक वर जातं, चुंबक फेराइटला जाऊन चिकटतो आणि विजेचे संपर्क जुळतात. एक स्प्रिंग चुंबकाला सतत खाली ओढत असते, पण चुंबकाची पकड जास्त असते. १०३ अंशांच्या सुमारास फेराइट चुंबकाला धरेनासा होतो, स्प्रिंग जिंकते, टक्!

लोखंड तापवलं की चुंबकाला दाद देत नाही, हे लोहारांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पिएर क्यूरी यांनी याचा नीट अभ्यास करून १८९५ मध्ये पॅरिसला डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. त्याच वर्षी त्यांचं मारी स्क्लोदोव्स्का यांच्याशी लग्न झालं, आणि पुढं क्यूरी म्हटलं की लोकांना रेडियमच आठवायला लागलं. लोखंडाचं क्यूरी तापमान ७७० अंश, निकेलचं ३६० च्या जरा आत.

असं का होतं, हे सप्ताहातली पावली पाहिलेल्या माणसाला लवकर समजेल. टाळकऱ्यांच्या रांगेत प्रत्येकाचं लक्ष शेजाऱ्याच्या पायाकडं असतं. वरून कोणी हुकूम देत नाही, तरी पन्नास पाय एकाच वेळी पडतात. पदार्थातला प्रत्येक चुंबकीय अणू असाच शेजाऱ्याकडं बघून दिशा धरतो. उष्णता म्हणजे गर्दीची ढकलाढकली. ती थोडी असली तर एखाददुसऱ्याचा पाय चुकतो आणि शेजारी त्याला सावरून घेतो. पण चुकणारे वाढले की सावरणारेही चुकतात, आणि एका मर्यादेपाशी सगळी पावली झपाट्यानं विस्कटते. हळूहळू नाही, समप्रमाणातही नाही. शेवटच्या काही अंशांत धाडकन. ढकलाढकली थांबली की, म्हणजे गार झालं की, पुन्हा रांग लागते. म्हणून हा खटका हजारो वेळा चालतो.

आता जरा खोलात जातो. कंटाळा आला तर हा परिच्छेद सोडा. फेराइटमध्ये पावलीच्या दोन रांगा असतात, समोरासमोर तोंड केलेल्या. शास्त्रीय भाषेत स्फटिकातल्या दोन प्रकारच्या जागा: चार ऑक्सिजनांनी वेढलेल्या आणि सहा ऑक्सिजनांनी वेढलेल्या. दोन्ही रांगांचं चुंबकत्व उलट दिशेला असतं, पण दोन्ही सारख्या भरत नाहीत, म्हणून वजाबाकी होऊन काही चुंबकत्व शिल्लक राहतं. मुख्य म्हणजे एका रांगेतले लोक आपल्या रांगेपेक्षा समोरच्या रांगेकडं बघून ताल धरतात. आता या पदार्थात जस्त मिसळलं तर जस्ताचे आयन पहिल्या रांगेत जाऊन उभे राहतात, आणि जस्त स्वतः चुंबकीय नाही. हातात टाळ नसलेली, नुसती उभी माणसं. समोरच्यांना बघून ताल धरायला माणसंच कमी पडतात, धागा सैल होतो, आणि कमी ढकलाढकलीतही पावली मोडते. जस्ताचं प्रमाण जेवढं जास्त, तेवढं क्यूरी तापमान खाली. भट्टीत पूड भाजतानाच कारखानदार ठरवतो की याचा तुकडा १०३ ला हात सोडणार. कुकरचं शहाणपण त्या पुडीत भाजलेलं असतं. त्यासाठी चिप लागत नाही आणि प्रोग्रामही लागत नाही.

(पहिला यशस्वी स्वयंचलित राईस कुकर तोशिबानं १९५५ मध्ये जपानमध्ये विकायला काढला, त्यात मात्र हा चुंबक नव्हता. दुहेरी भांडं होतं. बाहेरच्या भांड्यातलं पाणी आटलं की दोन धातूंची पट्टी वाकायची आणि वीज तुटायची. तो बनवणारे योशितादा मिनामी यांच्या घरी पत्नी फुमिको यांनी भात शिजवून शिजवून वेळा आणि तापमानं टिपली होती.)

आता भाच्याचा कुकर. मी लातूरला गेलो, भांडं उचललं, तर प्लेटवर एक भाताचं शीत जळून दगड झालेलं. बाकी काही बिघाड नव्हता. त्या एका शितामुळं भांडं तिरकं बसत होतं, तळ आणि प्लेट यांच्यात हवेची फट राहत होती. प्लेटची उष्णता पाण्यात जाईना, प्लेट स्वतःच तापली आणि मधल्या टोपीला तिचीच धग लागली. फेराइटला वाटलं, भात झाला. तो चुकला नव्हता, त्याला खबरच चुकीची मिळत होती. भांड्याला पोचा पडला असेल, तर हेच होतं. भांडं ओलं ठेवलं तर पाणी चरचरून क्षारांचा पांढरा थर प्लेटवर बसतो, आणि आमच्या काळ्या पाषाणातून आलेल्या बोअरच्या पाण्यात असे क्षार भरपूर. म्हणून भांडं बाहेरून पुसून कोरडं करायचं, ठेवल्यावर जरा डावी-उजवीकडं फिरवून नीट बसवायचं. गार प्लेटवर काही चिकटलंच असेल तर बारीक पॉलिश पेपरनं हलक्या हातानं घासून ओल्या फडक्यानं पुसायचं. भांड्याच्या आतला पांढरा थर लिंबाच्या रसानं किंवा व्हिनेगरनं सुटतो. कुकरचा सांगाडा मात्र कधी नळाखाली धरायचा नाही.

पुठ्ठा कोंबल्यावर काय झालं? पाणी संपलं, फेराइटनं हात सोडला, पण स्प्रिंगला खटका ओढता येईना. तापमान चढत गेलं, भात जळला, आणि शेवटी आतला थर्मल फ्यूज वितळला. हा एकदाच मरतो आणि मरून घर वाचवतो. गल्लीतल्या एका दुरुस्तीवाल्यानं तो काढून तिथं साधी तार जोडून देतो म्हणून सांगितलं, शंभर रुपयांत. मी हात जोडले. तार जोडली की कुकर चालतो, पण पुढच्या वेळी वितळायला घरातलं दुसरं काहीतरी शोधावं लागतं. तेवढ्याच तापमानाचा नवा फ्यूज बसवून घ्यावा, नाहीतर कुकर टाकून द्यावा.

लाईट जाण्याचंही एक आहे. मध्येच वीज गेली तर खटका खालीच राहतो, कारण चुंबकाला विजेची गरज नाही. परत आली की कुकर आपोआप तापायला लागतो. तोवर तुम्ही क्लासला निघून गेला असाल तर? खोली सोडताना प्लग काढा. आणि गेलेली वीज परत आलीच नाही, तर कोमट भात तसाच राहतो. तांदळात बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजूनही मरत नाहीत. ६० अंशांच्या वर भात गरम राहिला तर ते गप्प बसतात. एप्रिलमधल्या ४२ अंशांच्या खोलीत मात्र त्यांची चंगळ होते. उलटी आणणारं त्यांचं विष फोडणीनं नष्ट होत नाही. सकाळचा फोडणीचा भात मलाही आवडतो, पण रात्रीचा भात लवकर पसरून गार करून फ्रिजमध्ये ठेवलेला असेल तरच.

ॲल्युमिनियमच्या भांड्याला हात लावला की झिणझिण्या येतात, अशी तक्रार उन्हाळ्यात वाढते. तारेच्या आवरणातून थोडी वीज गळत असते आणि ती अर्थिंगमधून जमिनीत जायला हवी. आमची काळी माती उन्हाळ्यात वाळते, भेगाळते, अर्थिंगच्या सळईपासून सुटते, आणि कोरडी माती वीज नीट वाहूच देत नाही. जुन्या घरांतून अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायची पद्धत आहे. ती अंधश्रद्धा नाही. पण झिणझिण्या आल्या तर आधी कुकर बंद, मग वायरमनला बोलवायचं, आणि घरात ३० मिलिॲम्पिअरला तुटणारी आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्यायची. तीन पिनांतली मोठी पिन मोडून दोन पिनांत घुसवणाऱ्यांबद्दल मी काही लिहीत नाही, चिडचिड होते. ७०० वॉटचा कुकर तीन ॲम्पिअर घेतो, साध्या सॉकेटला चालतो. पण त्याच एक्स्टेन्शन बोर्डवर इस्त्री आणि पाणी तापवायचा रॉड लावला की ढिल्या पिना तापून काळ्या पडतात.

चुंबकाचा विषय निघालाच आहे तर एक. भाच्याच्या घरमालकिणीनं मला चुंबकावर ठेवलेलं पाणी प्यायला दिलं. 'चुंबकीय पाणी', गुडघ्यांना चांगलं. पाणी चुंबकाला अतिशय क्षीण विरोध करतं आणि चुंबक काढला की तेवढंही विसरतं. मावशींना म्हटलं, पाणी गार आहे, छान आहे, द्या. आणि भातातली साखर काढणारे महागडे कुकर हल्ली जाहिरातीत दिसतात, ते जादा पाणी काढून टाकतात. माझी आजी भात वेळून पेज काढायची, तिनं त्याचे पैसे कधी घेतले नाहीत.

मेलेला कुकर आम्ही उघडला. फेराइटचा तुकडा आणि चुंबक बाहेर काढले. कॉलेजातून जास्त तापमानाचा थर्मामीटर आणला होता. उकळत्या पाण्यात चुंबक फेराइटला चिकटला, पण पहिल्यापेक्षा मंद. मग मी स्वतः, चिमट्यानं, फोडणीच्या तेलात धरलं. १०४ ला सुटला. तेल निवत ठेवलं. भाचा थर्मामीटरकडं टक लावून बसला, आणि शंभराच्या जरा खाली आल्यावर चुंबक टुणकन पुन्हा चिकटला.

"मामा, परत करू," तो म्हणाला.