हागिया सोफियाचा वरचा सज्जा: इस्तंबूलच्या पर्यटनामागची शंभर वर्षे

पहिल्यांदा इस्तंबूलला निघालेल्या माणसाची यादी बहुधा ठरलेली असते. हागिया सोफिया, समोरची निळी मशीद, टोपकापी राजवाडा, जमिनीखालची पाण्याची टाकी, जुना झाकलेला बाजार आणि वेळ उरला तर बोस्फोरस सामुद्रधुनीत बोटीची फेरी. यातली बरीचशी ठिकाणे सुलतानअहमत या एकाच भागात आहेत, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. वास्तू सम्राटांच्या आणि सुलतानांच्या काळातल्या असल्या तरी त्यांच्यात कुठल्या दारातून शिरायचे, कुठे थांबायचे, किती पैसे मोजायचे आणि कोणते चित्र दिसेल, कोणते झाकलेले असेल, हे सगळे गेल्या शंभर वर्षांतल्या सरकारी ठरावांनी आणि कोर्टाच्या निकालांनी ठरवले आहे. सहलीच्या माहितीपत्रकांत ही बाजू सापडत नाही, म्हणून ती इथे जरा सविस्तर.

जुना इतिहास थोडक्यात. आजची हागिया सोफिया चर्च म्हणून इ.स. ५३७ मध्ये पूर्ण झाली. वीसेक वर्षांत भूकंपांनी तिचा घुमट कोसळला आणि तो आणखी उंच करून पुन्हा बांधला गेला. १२०४ मध्ये पश्चिमेकडून आलेल्या धर्मयोद्ध्यांनी शहर लुटले, १४५३ मध्ये ते ऑटोमनांनी जिंकले आणि चर्चची मशीद झाली. विजेत्या सुलतानाने ही मशीद आपल्या वक्फमध्ये घातली आणि तिच्या देखभालीसाठी दुकाने, हमामखाने अशा मिळकतींचे उत्पन्न लावून दिले. ही नोंद ध्यानात ठेवायला हवी, कारण साडेपाचशे वर्षांनी सगळा खटला तिच्यावरच फिरला.

पर्यटनाची गोष्ट सुरू होते १९२४ मध्ये. त्या वर्षी ३ मार्चला तुर्कस्तानच्या नव्या प्रजासत्ताकाने खिलाफत बरखास्त केली. जिच्यासाठी मुंबईपासून मलबारपर्यंत सभा आणि मोर्चे झाले होते, ती हीच खिलाफत. बरोबर एक महिन्याने टोपकापी राजवाडा संग्रहालय म्हणून जाहीर झाला. सुलतानांचा मुक्काम तिथून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच हलला होता, तरी खजिना आणि पवित्र वस्तू तिथेच होत्या. राजघराण्याचे वैभव काचेच्या कपाटात ठेवून लोकांना दाखवायचे, ही नव्या सरकारची पद्धत तिथे प्रथम दिसली. हागिया सोफियाचे पुढे जे झाले ते याच विचारातून.

१९३१ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्याससंस्थेला तिथल्या भिंतींवरचा गिलावा काढण्याची परवानगी मिळाली. आतली मोझेक, म्हणजे बारीक रंगीत तुकडे जडवून केलेली चित्रे त्याआधी एकदा, १८४७ ते १८४९ च्या दुरुस्तीत, उजेडात आली होती. सुलतानाने नेमलेल्या दोन स्विस वास्तुविशारद भावांनी ती पाहिली, काहींची रेखाटने करून ठेवली आणि पुन्हा झाकून टाकली. आता ती कायमची उघडी होऊ लागली. वरच्या सज्जातले ख्रिस्ताचे तेराव्या शतकातले मोझेक अवश्य जवळ जाऊन पाहावे. खालचा भाग पार झडून गेलेला आहे, पण चेहऱ्यावरची सावली इतक्या बारीक तुकड्यांतून उतरवली आहे की चार पावले मागे सरताच ते रंगवलेले चित्र वाटू लागते. त्याच मजल्यावर संगमरवरी कठड्यावर उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीत कोरलेली धूसर अक्षरे आहेत. ऑटोमनांच्या आधीच्या ख्रिस्ती, म्हणजे बायझंटाईन सम्राटांच्या दरबारी चाकरी करणाऱ्या कुणा स्कँडिनेव्हियन शिपायाने आपले नाव तिथे कोरून ठेवले आहे.

२४ नोव्हेंबर १९३४ रोजी मंत्रिमंडळाने ठराव केला की ही इमारत यापुढे संग्रहालय असेल. १ फेब्रुवारी १९३५ ला ती प्रेक्षकांसाठी उघडली. गालिचे निघाले आणि शतकानुशतके झाकलेली संगमरवरी फरशी दिसू लागली. घुमटाखालच्या खांबांवर टांगलेल्या, साडेसात मीटर व्यासाच्या लाकडी सुलेखन-तबकड्याही उतरवल्या. त्या बाहेर नेता येईनात, कारण एकाही दारातून जाण्याजोग्या त्या नव्हत्या. मग कित्येक वर्षे त्या आतच भिंतीला टेकून राहिल्या आणि अखेर पुन्हा वर चढल्या. शेजारचा मदरसा मात्र त्याच दशकात पाडला गेला.

या ठरावावरचा वाद पुढे ऐंशी-पंच्याऐंशी वर्षे धुमसत राहिला, आणि तो केवळ धार्मिक भावनेचा नव्हता. पहिला मुद्दा सहीचा. देशाच्या संस्थापक राष्ट्राध्यक्षांना नवे आडनाव देणारा कायदा संसदेने मंजूर केला तो त्याच दिवशी, २४ नोव्हेंबरला. कायदा राजपत्रात प्रसिद्ध होण्याआधीच्या या ठरावावर मात्र त्या आडनावाने सही आहे. त्यावरून सही बनावट असल्याचा आरोप वर्षानुवर्षे होत राहिला. दुसरा मुद्दा जास्त वजनदार. १९३६ मध्ये, म्हणजे संग्रहालय झाल्यानंतर, सरकारच्याच मिळकत दप्तरात या जागेची नोंद झाली. त्या नोंदीत मालक म्हणून विजेत्या सुलतानाचा वक्फ आहे आणि वास्तूचा प्रकार म्हणून ‘मशीद’ लिहिले आहे. सरकारने एका हाताने संग्रहालय केले आणि दुसऱ्या हाताने कागदावर मशीद कायम ठेवली. विरोधकांच्या हाती यापेक्षा चांगला पुरावा लागला नसता.

हागिया सोफियासमोरच्या चौकाचे आजचे मोकळे रूपही याच काळाच्या आसपासचे. १९१२ च्या आगीत आजूबाजूची वस्ती जळाली होती. १९३६ मध्ये फ्रान्सहून बोलावलेल्या नगररचनाकाराने जुन्या शर्यतीच्या मैदानाभोवतीचा भाग पुरातत्त्व उद्यान म्हणून राखायचे सुचवले. त्या मैदानावर चौथ्या शतकात इजिप्तहून आणून उभारलेला ओबेलिस्क, म्हणजे उंच दगडी स्तंभ, आजही आहे. त्याचा पायथा नीट पाहा: सम्राट राजेशाही कक्षातून शर्यत पाहतो आहे, असे शिल्प तिथे कोरले आहे.

१९६०-७० च्या दशकांत हा परिसर युरोपातून भारताकडे जमिनीच्या मार्गाने निघालेल्या तरुणांचा थांबा झाला. इथल्या एका खानावळीतल्या फलकावर ‘दिल्लीपर्यंत गाडीत दोन जागा आहेत’ अशा चिठ्ठ्या लागत. गोव्याच्या किनाऱ्यावर पोचलेले कितीतरी हिप्पी आधी इथे थांबून गेले होते. १९७९ मध्ये इराणमधली क्रांती आणि अफगाणिस्तानातले सोव्हिएत सैन्य यांनी तो रस्ता बंद केला, पण स्वस्त खोल्या आणि खानावळी मागे राहिल्या. पुढे जुन्या शहराचे चार भाग १९८५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले, ३३६ खांबांची भूमिगत टाकी १९८७ मध्ये लोकांसाठी खुली झाली आणि चौकाजवळचा जुना तुरुंग १९९६ मध्ये महागडे हॉटेल बनला.

हागिया सोफियात बदल हळूहळू होत गेला. १९९१ मध्ये तिला जोडून असलेली सुलतानाची दालने नमाजासाठी उघडली. २०१६ मध्ये तिथे कायम इमाम नेमला गेला. याच काळात वारसा जपण्याच्या नावाने स्थापन झालेली एक संघटना कोर्टात पुन्हा पुन्हा जात राहिली आणि हरत राहिली. पारडे फिरले ते दुसऱ्याच वास्तूमुळे. शहराच्या जुन्या तटबंदीजवळचे कारिये हे छोटे चर्च पुढे मशीद झाले होते आणि १९४५ मध्ये मंत्रिमंडळाने त्याचे संग्रहालय केले होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने तो ठराव रद्द केला. वक्फनाम्यात जो उपयोग लिहिला आहे तो सरकारला बदलता येत नाही, हे तत्त्व तिथे मान्य झाले.

त्यानंतर हागिया सोफियाचा निकाल जवळजवळ ठरल्यासारखाच होता. १० जुलै २०२० ला तो जाहीर झाला. १९३४ चा ठराव रद्द करताना न्यायालयाने वादग्रस्त सहीचा आधार घेतला नाही. निकाल उभा राहिला तो वक्फनामा आणि १९३६ ची नोंद यांवर. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने इमारत धार्मिक खात्याकडे गेली आणि २४ जुलैच्या शुक्रवारी पहिली नमाज झाली. जागतिक वारसा यादी सांभाळणाऱ्या संस्थेने आधी चर्चा न झाल्याबद्दल खेद जाहीर केला.

कायद्याचा युक्तिवाद पोकळ नाही. १९३४ मध्ये ना संसदेत चर्चा झाली, ना लोकांना विचारले गेले. पण निकालपत्रात मिळकत कोणाची याला जेवढी जागा मिळाली, तेवढी ती जपायची कशी याला मिळाली नाही, आणि त्याची किंमत दगडाने मोजली. सुरुवातीची साडेतीन वर्षे प्रवेश सर्वांना फुकट होता, रांगा चौकभर पसरत आणि वरचा सज्जा बंद होता. २०२२ मध्ये शाही दरवाजाचे लाकूड कुणीतरी ओरबाडून काढल्याची छायाचित्रे बाहेर आली. फरशीवर फिकट निळसर-हिरवा गालिचा आला आणि संगमरवर पुन्हा दिसेनासा झाला.

१५ जानेवारी २०२४ पासून नवी व्यवस्था आहे. परदेशी पर्यटक वेगळ्या दाराने, २५ युरोचे तिकीट काढून थेट वरच्या सज्जात जातात. तळमजला नमाजासाठी राखीव आहे आणि तिथे जाणाऱ्यांना तिकीट नाही. मधल्या काळात बंद असलेली वरची मोझेक त्यामुळे पुन्हा पाहता येतात, ही जमेची बाजू. पण घुमटाच्या बरोबर खाली उभे राहून मान वर करायची, तो अनुभव परदेशी पाहुण्यासाठी संपला आहे. एकतीस मीटर व्यासाचा तो घुमट खालून पाहण्यासाठीच बांधलेला आहे. भूकंपाच्या भीतीने २०२५ मध्ये त्याच्या मजबुतीचे काम हाती घेतले गेले, तेव्हा परांच्या दिसल्या तर नवल नको.

बाकीच्या ठिकाणांची घडी तुलनेने सोपी. निळी मशीद पहिल्यापासून मशीदच असल्याने तिथे वाद नाही: प्रवेश फुकट, नमाजाच्या वेळी पर्यटकांना थांबावे लागते आणि बायकांनी डोके झाकायचे. शुक्रवारी दुपारच्या नमाजापर्यंत दोन्ही मशिदी सोडून टाकी किंवा राजवाडा आधी उरकावा. टोपकापी मंगळवारी बंद, झाकलेला बाजार रविवारी.

ज्या कारियेपासून हे सारे सुरू झाले ते दुरुस्तीसाठी बरीच वर्षे बंद होते आणि ६ मे २०२४ ला मशीद म्हणून उघडले. तिथे बाजूच्या प्रार्थनागृहात चौदाव्या शतकातले भित्तिचित्र आहे. शुभ्र वस्त्रातला ख्रिस्त आदम आणि हव्वा यांना मनगट धरून थडग्यांतून अक्षरशः ओढून बाहेर काढतो आहे. हे चित्र आजही पाहता येते. सुलतानअहमतपासून ते दूर असल्याने बहुतेक सहल कंपन्या तिथे नेत नाहीत. यादीतले एखादे ठिकाण गाळावे लागले तरी चालेल, पण अर्धा दिवस काढून तिथे जावे.