एकच ‘उन्हाळ’: एनमची पार्श्वभूमी

नाशिकच्या बाजारात कांदा तीन नावांनी ओळखला जातो. खरिपाचा पोळ, त्यामागून येणारा रांगडा आणि रब्बीचा उन्हाळ. व्यापाऱ्याच्या हिशेबाचा प्रोग्राम लिहिताना आपण त्यांना ०, १, २ म्हणून मोकळे होतो. मग कुणीतरी ७ पाठवतो आणि कंपायलर (कोड तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्राम) हूं की चूं करत नाही.

यावरचा पहिला ठळक उतारा १९७० च्या पास्कल या भाषेत सापडतो. तिचे कर्ते निक्लाउस विर्थ यांनी नावांच्या यादीलाच टाइपचा, म्हणजे मूल्यांच्या वेगळ्या प्रकाराचा, दर्जा दिला. हाच एनम. आत आकडाच असायचा, पण रांगड्यात वजन मिळवू पाहिलं तर कंपायलर अडवायचा. सी भाषेने नावं उचलली, शिस्त तिथेच ठेवली. १९८९ च्या प्रमाणित सीमध्येही एनममधलं प्रत्येक नाव म्हणजे सरळ इंटच, म्हणजे साधा पूर्णांक. गंमत म्हणजे १९८८ च्या आपल्या ओबेरॉन भाषेतून खुद्द विर्थ यांनीच एनम काढून टाकला. एका मॉड्यूलमधली (प्रोग्रामच्या एका स्वतंत्र भागातली) यादी दुसऱ्या मॉड्यूलला वाढवता येत नाही, ही त्यांची अडचण. तक्रार रास्त होती, इलाज मात्र मला अघोरी वाटतो.

जावा ही भाषा आली तीही एनमशिवाय. लोक स्थिर इंट वापरत राहिले. मग एक युक्ती रुळली, जावाचे अभियंते जोशुआ ब्लॉक यांनी २००१ मध्ये ती व्यवस्थित मांडली: क्लास (ऑब्जेक्टचा साचा) लिहा, कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट ठेवा, म्हणजे बाहेरून नवा ऑब्जेक्ट घडवता येणार नाही, आणि तीनच ऑब्जेक्ट आतच घडवून ठेवा. आता ‘उन्हाळ’ हा आकडा नव्हता. तो मेमरीतला एक ऑब्जेक्ट होता आणि सगळे त्याचा रेफरन्स, म्हणजे पत्ता, धरून होते. तुलनेला == (दोन्ही रेफरन्स एकाच ऑब्जेक्टचे आहेत का, हे पाहणारं चिन्ह) पुरे.

पुरे म्हणजे, एकच प्रत असेल तोवर. अशा जुन्या पद्धतीच्या एका प्रोग्राममध्ये मी कांदाचाळीतल्या साठ्याची फाइल संध्याकाळी सिरिअलाइज करून (ऑब्जेक्ट फाइलमध्ये उतरवून) ठेवली. सकाळी वाचली तर उन्हाळचा साठा शून्य. छापून पाहिलं, दोन्हीकडे नाव ‘उन्हाळ’च; == मात्र फॉल्स. फाइल वाचताना नवा ऑब्जेक्ट तयार झाला होता, म्हणजे मेमरीत दोन उन्हाळ. रीडरिझॉल्व्ह नावाची मेथड लिहून वाचलेला ऑब्जेक्ट टाकायचा आणि मूळचाच परत द्यायचा, हे मी विसरलो होतो.

२००४ च्या जावा ५ ने ही जबाबदारी भाषेवर घेतली. सिरिअलाइज करताना फक्त नाव लिहायचं, वाचताना मूळ ऑब्जेक्ट शोधायचा. क्लोन (ऑब्जेक्टची नक्कल) बंद, रिफ्लेक्शननेही (चालू प्रोग्राममधून क्लासच्या आत शिरण्याची सोय) नवा घडवता येत नाही. शिवाय ऑब्जेक्ट असल्याने ‘चाळीत टिकतो का’ ही मेथड उन्हाळलाच चिकटवता आली. (व्हेरिएबलचं नाव एनम ठेवणाऱ्यांचा कोड तेवढा मोडला.) आणि आकडा पुरता गेला नाहीच: एनमसेट (एनमच्या सदस्यांचा संच) ६४ पर्यंतचे सदस्य एकाच लाँगच्या, म्हणजे ६४ बिटांच्या पूर्णांकाच्या, बिटांत मांडतो.

पायथन भाषेने २०१४ मध्ये, ३.४ आवृत्तीत, हाच मार्ग धरला; तिथेही प्रत्येक सदस्य एकच. त्याच वर्षीच्या स्विफ्ट भाषेने मात्र एनमला व्हॅल्यू (रेफरन्स नव्हे, थेट मूल्य) मानलं आणि प्रत्येक पर्यायासोबत माहिती ठेवण्याची सोय दिली. पण एनमच्या पोटात तोच एनम ठेवायचा तर आकार ठरेना. म्हणून २०१५ मध्ये इनडायरेक्ट हा शब्द आणावा लागला, म्हणजे मागच्या दाराने रेफरन्सच.

जावाच्या वाटेवर एक खड्डा उरलाच. रेफरन्स आला की नलही, म्हणजे कशाकडेच न बोट दाखवणारा रेफरन्सही, आला. तीन कांद्यांच्या स्विचमध्ये नल शिरला की नेहमीच्या स्विचमध्ये अपवाद (एक्सेप्शन, चालू प्रोग्राम अडवणारी चूक) फेकला जातो. म्हणून माझ्या प्रोग्राममध्ये आता नलऐवजी चौथा सदस्य आहे: ‘प्रतवारी बाकी’.