सायलोत चारा टिकू लागला, पण त्यातल्या वायूची ओळख उशिरा पटली

हिरवा मका महिनोन्‌महिने टिकवायचा तर त्याला हवा लागू द्यायची नाही, हे आज दुधाचा धंदा करणाऱ्या बहुतेकांना ठाऊक आहे. दाणा चिकात आला की मका कापायचा, कुट्टी करायची, थराथराने ट्रॅक्टरखाली दाबायची आणि प्लास्टिकचा कागद टाकून बंद करायची. दीड-दोन महिन्यांत मुरघास तयार. पण हे तंत्र नीट बसायलाच बरीच वर्षं गेली, आणि त्या बंद जागेत माणूस कशाने दगावतो हे कळायला आणखी कितीतरी.

खड्ड्यात वैरण दाबून ठेवण्याची चाल युरोपात जुनीच. तिला शिस्त लावली फ्रान्सच्या ओग्युस्त गोफार यांनी. आपल्या शेतावर ते वर्षानुवर्षं मका पुरून बघत होते. कुट्टी बारीक केली आणि वर जड वजन ठेवलं, तेव्हा चारा सडायचा थांबला. १८७७ साली त्यांनी हा अनुभव पुस्तकात मांडला. लवकरच त्याचं इंग्रजी भाषांतर अमेरिकेत पोहोचलं आणि थंडीत जनावरांना ओला चारा कुठून आणायचा या चिंतेत असलेल्या तिथल्या गोठ्यांना वाट सापडली.

अमेरिकेतले सुरुवातीचे उभे सायलो, म्हणजे मुरघास साठवायचे मनोरे, चौकोनी होते. कोपऱ्यात कुट्टी दबत नसे, तिथे हवा राहायची आणि बुरशी आत शिरायची. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या फ्रँकलिन किंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोल सायलोचा पुरस्कार केला तो याचसाठी. पुढे लाकडाच्या जागी काँक्रीट आलं. १९४९ साली ए. ओ. स्मिथ कंपनीने काचेचा मुलामा दिलेल्या पोलादाचा 'हार्वेस्टोर' नावाचा निळा, हवाबंद सायलो आणला. तोपर्यंत फिनलंडच्या आर्टुरी व्हिर्टानेन यांनी चाऱ्यात पातळ केलेलं आम्ल मिसळून सामू (pH) चारच्या खाली आणला की नासाडी थांबते, हे दाखवलं होतं. १९४५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं, त्यात या कामाचा मोठा वाटा होता.

चाऱ्याच्या बाजूने हा सगळा प्रवास देखणा आहे. माणसाच्या बाजूने तसा नाही.

१९१४ मध्ये ओहायो राज्यातल्या अथेन्स इथे सरकारी मनोरुग्णालयाच्या सायलोत चौघे जण अचानक दगावले. दोष कार्बन डायऑक्साइडवर गेला. ते पटण्यासारखंही होतं, कारण आंबताना तो वायू निघतोच आणि खाली साचतो. पण १९५६ साली मिनेसोटातल्या लाउरी आणि शुमन या डॉक्टरांनी वेगळंच कारण नोंदवलं: नायट्रोजन डायऑक्साइड. सायलो भरणाऱ्यांच्या फुप्फुसांच्या आजाराला तेव्हा नाव मिळालं. मधल्या चार दशकांत अशी किती माणसं न्यूमोनियाच्या नावावर गेली असतील, हा विचार मला अस्वस्थ करतो.

हा वायू येतो चाऱ्यातल्या नायट्रेटपासून. पावसाने ताण दिलेल्या किंवा युरिया भरपूर पडलेल्या मक्याच्या बुडख्यात नायट्रेट साठतं. आंबवण सुरू झाली की त्यातून नायट्रिक ऑक्साइड निघतं आणि हवा लागताच त्याचा पिवळट-तपकिरी, ब्लीचिंग पावडरीसारख्या वासाचा वायू होतो. हवेपेक्षा जड असल्याने तो सायलोतून चारा खाली टाकायच्या नळीतून थेट शेजारच्या गोठ्यात येतो. पायथ्याशी मेलेल्या माश्या किंवा पाखरं दिसली तर तो इशारा समजावा. भरल्यानंतरचे पहिले तीन दिवस सगळ्यात घातक. तीन आठवडे आत पाऊल टाकू नये. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा मास्क इथे काहीच कामाचा नाही.

हवाबंद पोलादी सायलोंनी आणखी एक धोका आणला. ओल कमी असलेला चारा आतल्या आत तापून धुमसतो. वरचं झाकण उघडून पाणी मारलं की हवा आत जाते आणि स्फोट होतो. अशा स्फोटांत अग्निशामक जवान मेले. त्यानंतर १९८६ मध्ये अमेरिकेच्या 'नायॉश' या कामगार सुरक्षा संस्थेला खास इशारा द्यावा लागला.

महाराष्ट्रात असे मनोरे क्वचितच दिसतात. आपल्याकडे खड्डे, सिमेंटचे हौद, जमिनीवरचे ढीग आणि अलीकडे बॅगा. बॅगेत माणसाला उतरावं लागत नाही, हा तिचा मोठा फायदा. खोल खड्ड्याचं तसं नाही. शिवाय दुष्काळात दाणा न भरलेला मका मुरघासाला जातो, म्हणजे नायट्रेटची भीती आपल्याला जास्तच. असा मका वीतभर बुडखा सोडून कापावा. उंच ढिगातून मुरघास काढताना खालून पोखरू नये, वरचा भाग अंगावर येतो. खड्ड्यात कुणी कोसळला तर त्याच्यामागे श्वसनयंत्राशिवाय उतरू नये. विहिरीतल्या वायूने एकापाठोपाठ माणसं जातात ती याच घाईने.

आणि वायू लागलेला माणूस तेव्हा 'काही नाही, जरा ठसका लागला' म्हणतो. फुप्फुसांत पाणी भरायला कित्येक तास जातात. कधी बरा झालेला माणूस काही आठवड्यांनी पुन्हा आजारी पडतो. म्हणून दवाखान्यात गेल्यावर आधी सांगायचं ते हे, की आम्ही नुकताच मुरघास भरलाय.