७० मिनिटांत नेमकं काय मोजलं जातं?

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बातुमीत बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. अंतिम लढतीतले क्लासिकल प्रकाराचे, म्हणजे भरपूर वेळाचे, दोन्ही डाव बरोबरीत सुटले होते; निकाल लागला तो टायब्रेकच्या रॅपिड, म्हणजे कमी वेळाच्या, डावांत. फिडे ही जागतिक बुद्धिबळ संघटना क्लासिकल, रॅपिड आणि त्याहून झटपट ब्लिट्झ यांची मानांकनं वेगवेगळी ठेवते. वेळ कमी केला की खेळ बदलतो, हे बुद्धिबळानं मान्य केलं आहे. सॉफ्टवेअरच्या नोकरभरतीत मात्र एकच घड्याळ आणि एकच आकडा. नागपूरच्या हिंगणा रोडवरच्या कॉलेजांत प्लेसमेंटचा हंगाम लागला की पहिली चाळणी साधारण अशीच असते: दोन-तीन प्रोग्राम, तासा-दीड तासाची, समजा ७० मिनिटांची, वेळ आणि मशीननं दिलेले गुण.

त्यात हमखास येणारा एक प्रश्न घेऊ. पूर्णांकांची रांग दिली आहे; ज्याची बेरीज बरोबर क या दिलेल्या संख्येइतकी येते असा सर्वांत लांब सलग तुकडा शोधा. रांगेत १ लाखापर्यंत संख्या असू शकतात.

प्रत्येक सुरुवात आणि प्रत्येक शेवट तपासायचा म्हटलं तर सुमारे ५०० कोटी तुकडे होतात. सी प्लस प्लस या प्रोग्रामिंग भाषेत सेकंदाला १० कोटी साध्या क्रिया, असा ढोबळ हिशेब कोडर मंडळी धरतात. म्हणजे ५० सेकंद लागतील, आणि मर्यादा असते एक-दोन सेकंदांची. उत्तर बरोबर असूनही ‘टाइम लिमिट एक्सीडेड’, म्हणजे वेळेची मर्यादा ओलांडली.

मग पाठ केलेली ‘स्लायडिंग विंडो’ आठवते: बेरीज कमी पडली तर उजवीकडची संख्या आत घ्या, जास्त झाली तर डावीकडची सोडा. सगळ्या संख्या धन असतील तर हे झकास चालतं. पण रांग ६, −१ आणि क = ५ घ्या. ६ आत आला, बेरीज ५ च्या वर गेली, म्हणून ६ बाहेर. उरला −१. उत्तर ‘सापडलं नाही’. खरं तर ६ आणि −१ मिळून ५ होतातच.

ऋण संख्या असतील तर चालती बेरीज, म्हणजे सुरुवातीपासून त्या जागेपर्यंतची बेरीज, ठेवावी लागते. इथे ती ०, ६, ५ अशी होते. प्रत्येक ठिकाणी चालत्या बेरजेतून क वजा करायचा आणि तो आकडा आधी येऊन गेला का, हे हॅश टेबलमध्ये, म्हणजे आधीची प्रत्येक बेरीज आणि तिची जागा चटकन सापडेल अशा नोंदीत, पाहायचं. ५ − ५ = ०, आणि ० सुरुवातीलाच होता; म्हणजे मधला सगळा तुकडा उत्तर. एकाच फेरीत काम होतं.

घोळ पुढे होतात. सुरुवातीचा ० टेबलात टाकायला विसरलात, तर पहिल्या संख्येपासून सुरू होणारे सगळे तुकडे निसटतात. तीच बेरीज पुन्हा आल्यावर जुनी जागा पुसून नवी लिहिली, तर तुकडा आखूड निघतो. संख्या १०० कोटींपर्यंतच्या असतील तर बेरीज ३२ बिटांच्या पूर्णांकात मावत नाही. त्याची मर्यादा २,१४,७४,८३,६४७. यातली एक ओळ चुकली तरी कल्पना पूर्ण बरोबर असलेल्या मुलाचा प्रोग्राम लपवलेल्या टेस्ट केसमध्ये, म्हणजे त्याला न दाखवलेल्या तपासणीच्या उदाहरणांत, नापास होतो, आणि कुठली केस का पडली हे स्क्रीन सांगत नाही.

आता घड्याळाकडे येऊ. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी बुद्धिबळ खेळाडूंना पट पाच सेकंद दाखवून आठवणीनं मांडायला लावला. खऱ्या डावातली मांडणी निष्णात खेळाडूला नवशिक्यापेक्षा कितीतरी जास्त आठवली. सोंगट्या कशाही विखुरल्यावर फरक जवळपास संपला. स्मरणशक्ती मोठी नव्हती, ओळखीचे गठ्ठे डोक्यात होते. विचार करताना वापरल्या जाणाऱ्या कार्यकारी स्मृतीत एका वेळी चारेक गोष्टी टिकतात. ज्यानं चालत्या बेरजेचा नमुना आधी पन्नासदा लिहिला आहे, त्याला तो सगळा एकच गठ्ठा. पहिल्यांदाच विचार करणाऱ्याला चालती बेरीज, वजाबाकी, पहिली जागा आणि सुरुवातीचा शून्य हे सगळं सुटं सुटं सांभाळावं लागतं. तोही पोचेल, पण सावकाश. चाचणी या दोघांतला फरक ‘कुवत’ म्हणून नोंदवते. क्लासवाले विकतात तेही हे गठ्ठेच. जाहिरातीत त्याला ‘लॉजिक बिल्डिंग’ म्हणतात.

त्यात भर एआय प्रॉक्टरिंगची, म्हणजे परीक्षार्थीवर कॅमेऱ्यातून नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची. नजर स्क्रीनवरून हटली की संशयाची खूण! अवघड विचार करताना माणूस नजर दुसरीकडे वळवतो, हे मानसशास्त्राला चांगलं ठाऊक आहे. चेहरा पाहून स्वभाव सांगणाऱ्या ज्योतिषाला आपण हसतो, इथे मात्र वर्गणी भरतो.

कोणी पाहत असलं की आणखी बिघडतं. २०२० मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ४८ विद्यार्थ्यांना फळ्यावर प्रोग्राम सोडवायला दिले, काहींना परीक्षकासमोर, काहींना खोलीत एकटं. परीक्षकासमोरच्यांची कामगिरी निम्म्याहून खाली गेली. नमुना लहान आहे, पण फरक मोठा.

भरती करणाऱ्यांना आपली चाचणी तपासायची असेल, तर सारख्या तयारीच्या दोन गटांना तेच प्रश्न द्यावेत, एकाला ७० मिनिटं, दुसऱ्याला १४०. दुसऱ्या गटात बरीच जास्त मुलं पूर्ण गुणांपर्यंत पोचली, तर पहिल्या गटात गुण घड्याळानं कापले होते. आणि समोरासमोरच्या फेरीत हाच प्रश्न विचारताना संख्या ऋण असू शकतात का, हे मुद्दाम सांगू नये. कोड लिहिण्याआधी ते कोण विचारतं, याची नोंद करावी.