जेंटामायसिन, किडनी आणि न मिटलेली नळी

पेठ-सुरगाण्याकडून घाट ओलांडून १०८ नाशिकला पोचते, तेव्हा आतलं सातव्या महिन्यातच जन्मलेलं बाळ धापा टाकत असतं. फुप्फुसं कच्ची म्हणून की जंतुसंसर्ग म्हणून, हे नुसतं पाहून कळत नाही. म्हणून ब्लड कल्चरसाठी (रक्तात जंतू वाढतात का, ही तपासणी) निदान १ मिली रक्त काढायचं आणि लगेच अँपिसिलिन-जेंटामायसिन ही दोन अँटिबायोटिक सुरू करायची. हे बरोबरच आहे. गाडं अडतं ते पुढे, जन्मानंतर मिटायची एक नळी उघडीच राहिली की.

पोटात असताना बाळाची फुप्फुसं श्वासाचं काम करत नसतात. त्यामुळे फुप्फुसाकडे निघालेलं बरंचसं रक्त ‘डक्टस’ नावाच्या आखूड नळीतून थेट महाधमनीत वळतं. कमी ऑक्सिजन आणि प्रोस्टाग्लँडिन ही नळी उघडी ठेवतात. पूर्ण दिवसांच्या बाळात ती साधारण ७२ तासांत आवळते, पण २८ आठवड्यांआधी जन्मलेल्यांत अनेकदा उघडीच राहते. हाच पीडीए (पेटंट डक्टस आर्टेरिओसस). आता रक्त उलट्या दिशेने, महाधमनीतून फुप्फुसात शिरतं. फुप्फुसं तुंबतात, आतडी आणि किडनी उपाशी राहतात. नाडी टणटण उडते, व्हेंटिलेटर उतरवता येत नाही. निदान पक्कं होतं टूडी इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर. छातीतली मर्मर (स्टेथोस्कोपमधला जादा आवाज) ऐकू येईलच असं नाही.

नळी मिटवायला आयबुप्रोफेन देतात: किलोमागे १० मिग्रॅ, मग २४-२४ तासांनी ५ आणि ५. पण ते किडनीचा रक्तपुरवठा घटवतं आणि जेंटामायसिन शरीराबाहेर पडतं ते किडनीतूनच. साचलं की किडनी आणि कान दोन्ही धोक्यात. त्यात फ्युरोसेमाइड दिलं, तर कानावर दुहेरी मार. लघवी ताशी किलोमागे १ मिलीच्या खाली गेली, तर जेंटामायसिनचा पुढचा डोस घड्याळ पाहून देऊ नये. आधी किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन बघावं, जमेल तिथे जेंटामायसिनची रक्तातली पातळीही. उंदरांवरच्या प्रयोगांत जेंटामायसिनच्या गटातल्या औषधांनी डक्टसचे स्नायूच सैल पडलेले दिसले. बाळांना तेवढ्यावरून जेंटामायसिन नाकारता येणार नाही, पण उगाच लांबवू नये एवढं नक्की.

मोजमापातली चूक सगळ्यात सोपी. ३० आठवड्यांआधीच्या १ किलोच्या बाळाला पहिल्या आठवड्यात जेंटामायसिन ५ मिग्रॅ, तेही ४८ तासांतून एकदा. ८० मिग्रॅ/२ मिलीच्या अँप्युलमधून हे ०.१२५ मिली होतं. सिरिंजवर रेघ चुकली की डोस दुप्पट. म्हणून १ मिली औषधात ३ मिली सलाईन घालावं. मिलीला १० मिग्रॅ होतात, बाळाला ०.५ मिली. अर्ध्या तासात सावकाश सोडावं. अँपिसिलिन त्याच सिरिंजमध्ये मिसळू नये, त्याने जेंटामायसिन निकामी होतं. मध्ये सलाईनने लाइन धुवावी.

३६ ते ४८ तासांत कल्चर निगेटिव्ह आणि बाळ स्थिर असेल, तर अँटिबायोटिक थांबवावं. ‘राहू दे अजून पाच दिवस’ म्हणणारे घरचेही असतात आणि डॉक्टरही. घरी सोडण्याआधी कानाची बेरा (ऐकू येतं का हे पाहणारी) तपासणी उरकून घ्यावी. सुरगाण्याहून त्यासाठी पुन्हा येणं म्हणजे आईचा अख्खा दिवस आणि बुडालेली मजुरी.