काउंटरपंच आणि नुसतं ढकलणं, टीव्हीवर दोन्ही सारखंच दिसतं

महिला टेनिसची मोठी मॅच चालू असली आणि एका बाजूला सबालेन्कासारखी ठोकणारी असली की आमच्या ग्रुपवर कुणीतरी हमखास टाकतं, "ती दुसरी काय करतेय, नुसती बॉल परत टाकतेय". हे वाक्य मी कर्बरबद्दल ऐकलंय, हालेपबद्दल ऐकलंय, वॉझ्नियाकीबद्दल तर वर्षानुवर्षं ऐकलंय, आणि कोको गॉफने 2023 ला यूएस ओपन जिंकलं त्या दिवशीही ऐकलं. मला दर वेळी वाईट वाटतं, कारण यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एक म्हणजे बॉल ढकलणं, ज्याला क्लबात पुशिंग म्हणतात. दुसरं काउंटरपंचिंग, म्हणजे समोरचीच्या जोराला हेतूने उलट उत्तर देणं. दोन्हींत मुलगी बेसलाईनवर, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवर, पळताना दिसते, दोन्हींत समोरची जोरात मारतेय आणि ही परत करतेय असंच चित्र असतं, म्हणून गोंधळ होतो. पण मोठ्या ताकदीच्या प्लेयरला हरवायचं असेल तर या दोनांतलं एकच सहसा कामाला येतं.

आधी ताकद म्हणजे नेमकं काय ते बघू. कोर्ट 23.77 मीटर लांब. समोरून ताशी 120 किलोमीटरने बॉल सुटला तर ते सेकंदाला 33 मीटर झाले. हवेत आणि टप्प्यावर वेग पडतो हे धरलं तरी तुमच्या हातात साधारण एक सेकंद असतो, त्यातच ओळखायचं, पळायचं, पाय लावायचे आणि मारायचंही. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये सबालेन्का मुंबई ओपन खेळायला सीसीआयला (मुंबईतला क्रिकेट क्लब ऑफ इंडिया) आली होती, तेव्हा नाव फारसं कुणाला माहीत नव्हतं आणि ती स्पर्धा जिंकूनही गेली. मी एक मॅच बघायला गेले होते, कोर्टाच्या अगदी जवळ बसायला मिळालं. टीव्हीवर जे कधीच कळत नाही ते तिथे कळलं, तो आवाज. बाकीच्यांच्या रॅकेटचा आवाज "टक्" येतो, तिचा "थाड्" यायचा, आणि समोरचीची रॅकेट मागे पूर्ण जायच्या आधीच बॉल येऊन ठेपलेला असायचा. ताकदीचा खरा त्रास हा, बॉल जड लागतो त्यापेक्षा वेळ हिसकावून घेतली जाते.

आता या हिसकावलेल्या वेळेवर दोघी काय करतात त्यात सगळा फरक आहे.

ढकलणारी मागे जाते. बेसलाईनच्या दोन-तीन मीटर मागे उभी राहते, बॉलचा वेग ओसरू देते आणि मग उंच, सेफ, कोर्टाच्या मधोमध टाकते. तिचा हिशोब साधा असतो, मी चुकणार नाही, तू चुकशील. याला कमी लेखू नका, यालाही फिटनेस लागतो, डोकं शांत लागतं, आणि चौदा वर्षांखालच्या मुलींत तर यावर कपाट भरून ट्रॉफ्या येतात. पण वरच्या लेव्हलला अडचण अशी की मागे गेल्याने जो वेळ मिळतो तो फार थोडा, टप्प्यानंतर बॉल सेकंदाला वीसेक मीटरने येत असेल तर एक मीटर मागे सरकून मिळतो सेकंदाचा विसावा भाग. आणि त्याची किंमत भरपूर. तुम्ही मागे गेलात की समोरचीला अँगल मिळतो, ड्रॉप शॉट (जाळीजवळ अलगद टाकलेला बॉल) मिळतो, आणि तुमचा हळू आलेला बॉल कमरेच्या वर छान उभा राहतो. एक मीटर ब्याऐंशी उंचीच्या सबालेन्काला तो कमरेच्या वरचा हळू बॉल देणं म्हणजे ताट वाढून देणंच झालं. ती सेट होते, खांदा वळवते आणि संपवते.

काउंटरपंच करणारी तशी मागे जात नाही. ती बेसलाईनला चिकटून राहायचा प्रयत्न करते, टप्प्यानंतर बॉल वर चढत असतानाच घेते आणि समोरचीचाच वेग उसना घेऊन परत पाठवते. भिंतीवर जोरात बॉल मारला तर भिंत काहीच न करता तो वेगात परत येतो की नाही, तसंच. म्हणून तिचा बॅकस्विंग, म्हणजे रॅकेट मागे नेणं, छोटा असतो, मनगट घट्ट, बॉल अंगाच्या पुढे घेतलेला, आणि स्वतःची ताकद फार कमी घातलेली. भिंतीपेक्षा तिच्याकडे एकच गोष्ट जास्त आहे पण तीच मोठी, बॉल कुठे पाठवायचा ते ती ठरवते.

कर्बरचा गुडघा आठवून बघा. अँजेलिक कर्बर जोराचा बॉल आला की एवढी खाली बसायची की मागचा गुडघा जवळजवळ कोर्टाला टेकायचा आणि डोळे बॉलच्या लेव्हलला यायचे. बघताना वाटायचं की पडतेय की काय, पण त्या बैठकीमुळे रॅकेट बॉलच्या मागे सपाट यायची, हात फारसा हलवावाच लागायचा नाही, आणि त्या स्थितीतून तिचा डावखुरा फोरहँड डाऊन द लाईन, म्हणजे बाजूच्या रेषेला धरून सरळ, निघायचा. 2016 च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पहिल्याच राउंडला ती मॅच पॉईंटवरून वाचली होती, आणि फायनलला सेरेनाला 6-4, 3-6, 6-4 हरवलं. त्या मॅचमध्ये सेरेनाच्या 46 अनफोर्स्ड एरर, म्हणजे समोरचीने भाग न पाडता झालेल्या चुका, आणि कर्बरच्या 13. लोक इथेच थांबतात, म्हणतात बघा सेरेना चुकली म्हणून ही जिंकली. पण कर्बरचे विनर, म्हणजे समोरचीला परत करताच न आलेले फटके, 25 होते हो! नुसती बॉल टाकणारी ग्रँड स्लॅम फायनलमध्ये सेरेनासमोर 25 विनर मारत नाही. आणि 2018 ला विम्बल्डनच्या फायनलमध्ये तिने परत सेरेनालाच 6-3, 6-3 हरवलं, त्यात तिच्या स्वतःच्या अनफोर्स्ड एरर फक्त पाच.

समोरचीच्या त्या 46 चुका पण जरा नीट बघायला पाहिजेत, कारण अनफोर्स्ड हा शब्दच थोडा फसवा आहे. ढकलणारीसमोर मोठी हिटर कंटाळून चुकते, काउंटरपंचरसमोर ती घाईने चुकते. पहिलीत तिच्याकडे भरपूर वेळ असतो आणि ती उतावीळ होते, दुसरीत तिने मारलेला जोरदार बॉल तिच्या अपेक्षेपेक्षा लवकर, खोल आणि दुसऱ्याच कोपऱ्यात परत आलेला असतो, म्हणून पुढचा बॉल ती तोल जाताना मारते. स्कोअरशीटवर दोन्ही चुका एकाच रकान्यात पडतात.

दिशा बदलण्याची रिस्क किती असते हे पण सांगायला हवं, नाहीतर वाटेल यात काय मोठंसं. क्रॉसकोर्ट, म्हणजे तिरकं, मारलं तर बॉल जाळीच्या मधल्या भागावरून जातो, तिथे जाळी 91 सेंटीमीटर, आणि खांबाजवळ 1 मीटर 7 सेंटीमीटर. शिवाय तिरकं अंतर सरळपेक्षा जवळजवळ 1.4 मीटर जास्त, म्हणजे बॉल आत पडायला तेवढी जास्त जागा. डाऊन द लाईनला दोन्ही गोष्टी तुमच्या विरोधात, जाळी उंच आणि कोर्ट आखूड, आणि वर क्रॉसकोर्ट आलेल्या बॉलची दिशा बदलायची म्हणजे रॅकेटचा चेहरा थोडासा जरी वाकडा झाला तरी बॉल बाजूच्या ट्रामलाईनमध्ये, म्हणजे आऊट. ढकलणारी ही रिस्क घेतच नाही. काउंटरपंचर घेते, पण कोणत्या बॉलवर घ्यायची हे तिला माहीत असतं.

मला विचाराल तर सगळ्यात शुद्ध उदाहरण हालेपचं, विम्बल्डन 2019. सिमोना हालेप एक मीटर अडुसष्ट उंचीची, त्याआधी सेरेनाशी दहा मॅच खेळून एकच जिंकलेली. फायनल 6-2, 6-2, फक्त 56 मिनिटांत, आणि पूर्ण मॅचमध्ये तीन अनफोर्स्ड एरर. तीन! हे ऐकून वाटतं की अगदी सेफ खेळली असेल, पण ती मॅच परत बघा आणि बॉल सोडून फक्त हालेपचे पाय बघा. सेरेनाची रॅकेट बॉलला लागायच्या बेतात असताना ही प्रत्येक वेळी छोटीशी उडी मारते, स्प्लिट स्टेप, आणि उतरतानाच दिशा पकडते, एकदासुद्धा चुकवत नाही. रिटर्नला खोल सरळ सेरेनाच्या पायात, म्हणजे सर्व्ह करून सावरायच्या आत बॉल परत हजर. सेफ खेळून 56 मिनिटांत मॅच संपत नाही, सेफ खेळणारीच्या मॅचेस अडीच-तीन तास चालतात.

वॉझ्नियाकीचं मात्र मला मान्य करावं लागतं, ती मधली केस आहे. 2010 ला नंबर वन झाली, 2010 आणि 2011 दोन्ही वर्षं नंबर वनवर संपवली, आणि तरी ग्रँड स्लॅम नाही, म्हणून लोकांनी फार छळलं तिला. तेव्हाचा तिचा खेळ ढकलण्याकडे झुकलेला होता हे खरंय, बॅकहँड जबरदस्त पण फोरहँड उंच आणि मऊ, मोठ्या हिटर तो फोरहँड शोधून काढायच्या. पण 2018 ला ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली, फायनलला हालेपलाच तीन सेटमध्ये हरवून, तेव्हा ती पूर्वीपेक्षा पुढे उभी राहत होती आणि फोरहँड मारत होती. म्हणजे ही काही जन्माने चिकटलेली जात नाही, ढकलणारी काउंटरपंचर होऊ शकते, फक्त उशीर होतो आणि त्या उशिरात वर्षं जातात.

अजून एका गोष्टीवरून गोंधळ होतो, स्लाईस, म्हणजे बॉल खालून कापून उलटी फिरकी देत मारलेला फटका. बॉल हळू आला म्हणजे ढकलला असं लोक धरून चालतात. 2015 च्या यूएस ओपन सेमीफायनलला सेरेना चारही स्लॅम एकाच वर्षात जिंकायच्या दारात होती, समोर रॉबर्टा विंची, सीड म्हणजे मानांकनसुद्धा नव्हतं, आणि पहिला सेट 2-6 गेल्यावर विंचीने पुढचे दोन 6-4, 6-4 काढले. तिचा एका हाताचा बॅकहँड स्लाईस हळू होता पण टप्पा पडल्यावर घोट्याजवळून सरपटत जायचा. ढकललेला हळू बॉल उंच राहतो, हा खाली राहतो, सगळी गंमत त्यात आहे. उंच, ताकदवान प्लेयरला घोट्याजवळचा बॉल वाकून, खालून वर उचलावा लागतो आणि वेग पूर्णपणे स्वतःचा घालावा लागतो, उसना घ्यायला काही नसतंच. अ‍ॅश बार्टीने 2022 ला ऑस्ट्रेलियन ओपन फायनलला डॅनिएल कॉलिन्सविरुद्ध हेच केलं, दुसऱ्या सेटमध्ये 1-5 मागे होती आणि तिथून टायब्रेकला जिंकली. म्हणजे काउंटर दोन तऱ्हेने होतो, समोरचीचा वेग वापरून किंवा तिला वेगच न देऊन. पण दोन्हीत बॉलला हेतू असतो.

आणि गॉफ. 2023 ची यूएस ओपन फायनल, पहिला सेट सबालेन्काने 6-2 घेतला, पुढचे 6-3, 6-2 गॉफचे. 2025 ची फ्रेंच ओपन फायनल, पुन्हा त्याच दोघी, 6-7, 6-2, 6-4, प्रचंड वारा आणि सबालेन्काच्या 70 अनफोर्स्ड एरर. या दुसऱ्या मॅचनंतर "वाऱ्याने जिंकवलं" असं सगळीकडे वाचलं. वारा दोघींनाही होता. त्या वाऱ्यात गॉफने लाईनच्या आत भरपूर जागा सोडून मारलं, हे थोडं ढकलण्यासारखं दिसतं आणि काही रॅलीत ते तसं होतंही, मी नाकारत नाही. पण तिचा बॅकहँड बघा, कोपऱ्यात ताणली गेलेली असतानाही तो खोल येतो, आणि सबालेन्काला जो बॉल विनर वाटला होता त्याच्यानंतर अजून एक, मग अजून एक मारावा लागतो, वाऱ्यात, दर वेळी मागच्यापेक्षा जरा अवघड जागेवरून.

हे सगळं एवढं मनापासून लिहायचं कारण घरातलं आहे. माझी भाची तेरा वर्षांची, पुण्यात खेळते. तिच्या आधीच्या सरांचं एकच वाक्य, "बॉल आत टाक, ती चुकेल". ती दोन वर्षं खूप मॅच जिंकली. मग मोठ्या वयोगटात गेली आणि एका उंच, जोरात मारणाऱ्या मुलीने तिला 6-1, 6-0 हरवलं, मॅचनंतर ती बाकावर बसून मला म्हणाली, "मावशी, मी एकही बॉल चुकले नाही गं, तरी हरले". मला काही उत्तर सुचेना. घरी येऊन तिला हालेपची ती 56 मिनिटं दाखवली, आवाज बंद करून, फक्त पाय बघ म्हटलं.

आता नव्या सरांकडे रोज शेवटची पंधरा मिनिटं एकच ड्रिल चालतं. सर सर्व्हिस लाईनवरून जोरात क्रॉसकोर्ट फीड करतात, हिची टाच बेसलाईनच्या मागे एका पावलाहून जास्त जायची नाही, मागे कुंपणाला पाठ आहे असं समजून बॅकस्विंग छोटा ठेवायचा, आणि बॉल डाऊन द लाईन, खुणेसाठी ठेवलेल्या शंकूपर्यंत न्यायचा. पहिल्या दिवशी वीसातले तीन गेले, बाकी बरेचसे जाळीत आणि दोन शेजारच्या कोर्टावर. परवा आठ गेले.