दात्याचे व्यक्तिचित्र (वसाहतकालीन कुस्को)

धार्मिक चित्रासाठी पैसा पुरवणाऱ्याची प्रतिमा त्याच चित्रात, बहुधा खालच्या कोपऱ्यात, हात जोडून गुडघे टेकलेल्या स्थितीत रंगवण्याची पद्धत. युरोपात ती मध्ययुगापासून रूढ होती. स्पॅनिश सत्तेबरोबर ती अमेरिकेत पोहोचली. पेरूमधील कुस्को या जुन्या इंका राजधानीत मात्र तिला निराळे वजन आले, कारण तेथे दात्याच्या अंगावरचा पोशाख त्याच्या कुळाचा हक्क सांगत असे.

1650च्या भूकंपाने कुस्कोतील चर्चची मोठी पडझड झाली आणि त्यानंतरच्या पुनर्बांधणीत चित्रकारांना भरपूर काम मिळाले. 1673 ते 1699 या काळात तेथे बिशप असलेला मान्युएल दे मोयिनेदो हा या काळातील सर्वांत मोठा आश्रयदाता होय. बासिलियो दे सांता क्रूझ पुमाकायाओ या स्थानिक वंशाच्या चित्रकाराने कॅथेड्रलसाठी रंगवलेल्या बेलेनच्या मातेच्या (येशूची आई मरियम हिच्या एका रूपाच्या) चित्रात तो स्वतः तळाशी प्रार्थना करताना दिसतो. मोयिनेदो पूर्वी माद्रिदमधील आल्मुदेना चर्चचा धर्मगुरू होता, आणि तेथील मातेची भक्ती त्याने कुस्कोत आणली. तिच्या चित्रात दात्यांच्या जागी स्पेनचा राजा दुसरा कार्लोस आणि राणी आहेत. राजाने अमेरिकेत कधी पाऊलही ठेवले नव्हते. म्हणजे ही जागा प्रत्यक्ष पैसे मोजणाऱ्यालाच मिळे असे नाही.

स्थानिक दात्यांच्या दृष्टीने सर्वांत बोलकी आहे ती सांता आना चर्चसाठी सुमारे 1674 ते 1680 या काळात रंगवलेली कॉर्पस क्रिस्ती (ख्रिस्ताच्या देहाचा कॅथलिक सण) मिरवणुकीची चित्रमालिका. तिच्यातील काही भव्य रथ व्हॅलेन्सियातील उत्सवाच्या छापील चित्रांवरून उचललेले आहेत. असे रथ कुस्कोत फिरत नव्हते. माणसे मात्र तिथलीच आहेत. गर्दीच्या पुढे, चौकटीच्या तळाशी दाते कंबरेपर्यंत दिसतात, आणि मिरवणुकीत इंका वंशाचे सरदार छातीवर सूर्याचे बिंब असलेल्या अंगरख्यात, लेसच्या बाह्या मिरवत चालतात. सान क्रिस्तोबाल या चर्च-विभागाच्या चित्रात तर कार्लोस वायना कापाक इंगा असे सरदाराचे नावच लिहिलेले आहे.

स्पॅनिश कायद्याने इंका सरदारवर्गाला मान्यता देऊन त्याला खंडणी व सक्तीच्या मजुरीतून सूट दिली होती. राजघराण्याची खूण असलेली, कपाळावर रुळणारी तांबडी झालर (मास्कापाइचा) सांत्यागो या संताच्या सणाला बांधण्याचा मान कोणाला द्यायचा हे या वर्गाचे 24 निवडक प्रतिनिधी ठरवत. अशा समाजात चर्चच्या भिंतीवर पारंपरिक पोशाखात दिसणे हा एक प्रकारचा दाखलाच होता. पुरुष दाते पुष्कळदा युरोपीय कोटात आढळतात; स्त्रिया मात्र बऱ्याचदा खांद्यावरचे विणलेले वस्त्र छातीशी मोठ्या धातूच्या टाचणीने, म्हणजे तुपूने, अडकवलेल्या दिसतात. कापडावरील पट्टे चित्रकाराने ज्या बारकाईने उतरवले आहेत, ती त्याने चेहऱ्यांच्या वाट्याला क्वचितच येऊ दिली आहे.

इंका वंशज सरदार तुपाक आमारू दुसरा याचे स्पॅनिश सत्तेविरुद्धचे बंड मोडल्यावर मे 1781 मध्ये आरेचे या शाही अधिकाऱ्याने दिलेल्या शिक्षेच्या निकालपत्रात इंका पोशाखावर बंदी आली. इंका राजांची चित्रे नष्ट करावीत, चर्च, मठ व रुग्णालयांच्या भिंतींवरची खरवडून काढावीत आणि त्यांच्या जागी स्पेनच्या राजाची चित्रे लावावीत, असा हुकूम त्यात होता.